मदत हवी आहे : वादळात उडालेलं वाडीतल्या शाळेचं छप्पर पुन्हा उभं करताना

नमस्कार मंडळी. मंडणगड तालुक्यातल्या एका डोंगरवाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिचं कौलारू छप्पर गेलं. नंतर लोखंडी ट्यूबवर पत्रे घातले, तर मे २०२१ च्या तौक्ते वादळात पत्र्यांच्या ओळीच्या ओळी हुकांसकट उपटल्या. तेव्हापासून नुसती डागडुजी चालू आहे आणि मुलं गळक्या वर्गात बसतात.

भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत, सरळ आहेत, तडा नाही. पण माथ्यावर काँक्रीटचा पट्टा नाही. ट्यूब चिऱ्यात नुसत्या सिमेंटने बसवल्यात, त्यामुळे वारा आत शिरला की सगळंच उचललं जातं. पंचनामा झालाय, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आहे, निधीला मंजुरीही आहे. अंदाजपत्रकात मात्र पुन्हा तेच दुपाखी (दोनच बाजूंना उतार असलेले) पत्रे!

स्लॅब सुचवू नका; ट्रक वाडीच्या खालीच थांबतो, पुढची चढण रेती-सिमेंट डोक्यावरून न्यावं लागतं. तेवढ्या काँक्रीटची वाहतूक मंजूर रकमेत बसत नाही. माथ्याच्या पट्ट्यापुरतं साहित्य आम्ही श्रमदानाने चढवू.

किनारपट्टीवर असं काम केलेल्यांनी सांगावं : जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर नवा पट्टा ओतताना सळ्या खाली किती खोल नेऊन अडकवाव्यात? छप्पर चौपाखी (चारही बाजूंना उतार असलेलं) केलं तर खरंच फरक पडतो का? आणि मंजूर अंदाजपत्रकात हा बदल करून घ्यायला अर्ज नेमका कोणाकडे करायचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे की थेट बांधकाम उपविभागाकडे?