बीजिंगचा समर पॅलेस आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

पुणेकर_बाहेरगावी
नमस्कार मंडळी, यंदा दसऱ्याला जोडून 1 ते 6 ऑक्टोबर आईबाबांना घेऊन बीजिंगला जायचा विचार आहे. भिंत आणि फॉरबिडन सिटी तर होणारच, प्रश्न समर पॅलेसचा, म्हणजे तिथल्या जुन्या शाही बागेचा आहे. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, सपाटीवर हळूहळू चालते पण जिने दिसले की बसकण मारते. ऑफिसातला मित्र म्हणाला, काही नाही रे, नुसता मोठा तलाव आहे. बाबांना मात्र इतिहासाचं वेड. अर्धा दिवस पुरेल का, कुठल्या गेटने जावं? आणि आम्ही शाकाहारी आहोत, त्याचंही कोणीतरी सांगा.

भटकी_मावशी
आधी तारीख बदल बाबा!! 1 ऑक्टोबर त्यांचा राष्ट्रीय दिन, तिथून आठवडाभर अख्ख्या चीनला सुट्टी. मी एकदा त्यात सापडलेय, तिथल्या तलावावरच्या सतरा कमानींच्या पुलावर कठड्यावरचे दगडी सिंह बघायचे सोडून पुढच्या माणसाची पाठ बघत पूल संपवला.

मित्राचं म्हणणं तसं खोटं नाही, 290 हेक्टरमधला पाऊण भाग पाणीच आहे. पण तो तलाव मुद्दाम खणून वाढवलेला आणि निघालेली माती शेजारच्या टेकडीवर चढवलेली, म्हणजे आपण "काय छान निसर्ग" म्हणतो तो बराचसा मजुरांनी पाट्या वाहून केलेला.

आता गेट. 4 नंबर मेट्रोचं बेइगोंगमेन स्टेशन उत्तरेच्या गेटजवळ आहे म्हणून सगळे तिथे उतरतात आणि फसतात, कारण तलाव टेकडीच्या पलीकडे, मग चढउतार आलाच. तू टॅक्सीने पूर्वेच्या गेटला जा. तिथून सपाटीने लाँग कॉरिडॉर गाठायचा, 728 मीटर लांब, वर छप्पर, दोन्ही बाजूंना बसायला लाकडी कठडे, तुळयांवर हजारो चित्रं. आईला दर दहा खांबांनी बसव, कोणी उठवत नाही. शेवटाला संगमरवरी नौका, तिथल्या धक्क्यावरून बोट पकडून पुलाजवळच्या बेटावर उतरायचं, परतीची पायपीट वाचते. थंडीत तलाव गोठतो तेव्हा बोटी बंद. टेकडीवरच्या मनोऱ्याचा हट्ट धरू नकोस, खालूनच चांगला दिसतो. एक मात्र लक्षात ठेव, दारांचे उंबरे चांगलेच उंच असतात, आईला हात द्यायला कोणीतरी हवं.

जुनी_नाणी
बाबांसाठी लिहितो. बाग चियानलाँग बादशहाने 1750 मध्ये आईच्या साठीनिमित्त करायला घेतली (म्हणजे तुम्ही आईला नेताय ते योग्यच). 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी जाळली, हुकूम लॉर्ड एल्गिनचा, आणि हाच एल्गिन पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला आणि 1863 ला धर्मशाळेला वारला. त्या फौजेत पंजाबचे शिपाईही होते, ते आपण सोयीने विसरतो.

पुढे सम्राज्ञी त्सिशीने ती परत बांधली, 1888 ला आजचं नाव दिलं. नौदलाचा पैसा इकडे वळवला असं सांगतात आणि 1895 ला चीन जपानशी युद्ध हरला, त्यामुळे ती हलता न येणारी दगडी नौका बघून हसू येतं. वरचा मजला लाकडी आहे बरं का, संगमरवर वाटावा असा रंगवलेला, जवळ जाऊन बघा.

माझ्या डोक्यातून न गेलेली जागा मात्र वेगळीच, तलावाकाठचा युलानतांग नावाचा महाल. 1898 ला सुधारणा करू बघणाऱ्या ग्वांगश्यू बादशहाला, म्हणजे स्वतःच्या भाच्याला, त्सिशीने तिथे अडकवून ठेवलं. बाहेरून नेहमीसारखा दिवाणखाना, आत डोकावलं की विटांची भिंत. तलाव दहा पावलांवर आणि माणसाला दिसू नये म्हणून केलेलं बांधकाम. लोक पाटी न वाचताच पुढे जातात.

आणि कॉरिडॉरमधून पश्चिमेला बघा, टेकडीवर एक पॅगोडा दिसेल. तो बागेत नाहीच, बाहेर आहे! बाग आखतानाच तो चित्रात येईल असं बघितलंय. शेजाऱ्याचं झाड आपल्या अंगणात धरणं हो.

खिचडीप्रेमी
खाण्याचं: "वो छी सू" म्हणजे मी शाकाहारी, पण तेवढ्यावर विसंबू नका, भाजीत खिमा भुरभुरलेला निघू शकतो. चिनी अक्षरात "मांस, मासे, अंडं नको" असं लिहून फोनमध्ये ठेवा. थेपले न्या. अलीपे (तिथलं पैसे भरायचं ॲप) इथूनच कार्ड जोडून ठेवा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा, तिकिटाला लागतो.

पुणेकर_बाहेरगावी
बापरे, सुट्टीचं माहीतच नव्हतं, नशीब तिकिटं काढली नव्हती. आता ऑक्टोबरअखेर बघतो. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले फॉरबिडन सिटी राहिली तरी चालेल पण ती विटांची भिंत बघायची. आई विचारतेय कठड्याला पाठ टेकायला काही आहे का?

भटकी_मावशी
खांब आहेत की. खांबाशेजारची जागा धरायची, पण तिथे आधीच एखादे आजोबा बसलेले असतात.