गुडघा गेला आणि पळणं थांबलं: तुमचे अनुभव लिहा

टेकडीवरचा: आज सोसायटीची लिफ्ट बंद, सातव्या मजल्यावरून चालत खाली आलो. प्रत्येक जिन्याची पहिली पायरी उजव्या पायानेच घेतोय हे तिसऱ्या मजल्यावर कळलं. 'चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा' हे फिजिओने घोकून घेतलं होतं ना, दुखणं जाऊन वर्षं झाली तरी पायाला कोणी सांगितलेलंच नाहीये.

माझं सातारा हिल हाफ मॅरेथॉनला झालं. यवतेश्वरचा घाट चढताना मस्त होतो, फोटोबिटो काढले, कास रोडवरून परत फिरलो आणि उताराला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कोणी सुई खुपसतंय असं व्हायला लागलं. चालताना काही नाही, पळायला लागलं की परत. शेवटचा पट्टा लंगडत, पोरंटोरं 'कम ऑन अंकल' म्हणत पुढे. आयटी बँड निघाला, म्हणजे कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा. दुखतो गुडघा आणि व्यायाम सगळे कुल्ल्याचे, कुशीवर झोपून गुडघे उघडझाप करायचे. घरचे खो खो हसायचे. पण खरा त्रास दुखण्याचा नव्हताच, पहाटे पाचला जाग यायची आणि काही करायला नसायचं त्याचा होता. तुमचं काय झालं, कसे परत आलात, लिहा.

तळजाईकरीण: +१ त्या पहाटेच्या जागेला. माझं वाटीच्या मागे दुखायचं. पळताना कमी, पिक्चर बघून उठताना जास्त, मी थेटरात कडेची सीट घ्यायचे पाय लांब करायला. आणि लग्नाकार्यात सगळ्या मावश्या 'पळतेस कशाला गं, गुडघे झिजतात, म्हातारपणी कळेल'. एक मावशी स्वतः दोन्ही गुडघे बदलून बसलेली, आयुष्यात बस पकडायला पण पळाली नसेल!!

साधा_फिजिओ: मावशींना हे दाखवा. 2017 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याची झीज साधारण 3.5 टक्के लोकांत, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत 10 च्या वर. स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांत मात्र 13 च्या आसपास, तेव्हा अतिरेक नको एवढंच.

तळजाईकरीण: मावशी म्हणेल तुझ्या फोनवर काहीपण येतं 😂

भरती_२०२६: सर मी परभणीचा. पोलीस भरतीची तयारी करायलो. 1600 ला 20 मार्क आहेत गोळ्याला अन् 100 मीटरला 15-15. डांबरी रोडवरच पळतो आमच्याकडं ग्राउंड नाही. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायलंय, पोरं म्हणतात गोळी खाऊन ओढ. बर्फ लावू का शेकू

साधा_फिजिओ: भावा गोळी खाऊन ओढू नकोस, दुखणं दबतं आणि किती लोड पडतोय तेच कळत नाही. बर्फ की शेक, ज्याने बरं वाटेल ते, त्याने दुखणं कमी होईल पण बरं व्हायला ताकदच लागते. शेताच्या कडेची सपाट माती बघ, थोडे दिवस स्पीड कमी कर. पळताना दहापैकी दोन-तीन एवढंच दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं असेल तर चालू ठेव, त्याच्या वर गेलं तर मागे ये. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं थांबायचा व्यायाम रोज. सूज आली, गुडघा अडकला किंवा लचकून पाय सुटला तर मात्र हाडांच्या डॉक्टरला दाखवच.

भरती_२०२६: धन्यवाद सर. गोळाफेकीनं वाढंल का

शिवाजीपार्कचे_काका: आमचं वेगळंच. वय ६४. एमआरआयमध्ये मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटलेलं, रिपोर्ट वाचून मी मृत्युपत्र करायला निघालो होतो. डॉक्टर भला माणूस, म्हणाला तुमच्या वयात न दुखणाऱ्यांच्या रिपोर्टमध्येसुद्धा हे सापडतं, गुडघा अडकत नाही तर ऑपरेशनची घाई नको, मांडी बळकट करा. केली. पण मधे गणपती आले, आमचं घर कोकणात, तिथे भारतीय पद्धतीचा संडास. कमोड चेअर एसटीच्या टपावर बांधून नेली. गावात अजून तोच विषय आहे. आरतीला उभा राहिलो तर चालायचं पण पंगतीत मला एकट्याला टेबल, शाळेत शिक्षा झाल्यागत. आता चालतो आणि मधेमधे पळतो, सूनबाई बघत नसेल तेव्हा.

रेडर_नं_७: मी रनर नाही कबड्डीवाली, चालेल ना. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलं, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून तिथे बसवली. लोक विचारतात ऑपरेशन दुखलं का, अरे ऑपरेशन काहीच नाही, नंतर टॉवेलवर गुडघा दाबून सरळ करायचा ना तेव्हा रडू येतं. सहाव्या महिन्यात एकदम फिट वाटतं आणि तोच डेंजर काळ, नऊ महिन्यांच्या आत मॅटवर गेलात तर परत तुटायची रिस्क बरीच जास्त. माझ्या सरांना हे पटेना, मग आईनेच येऊन झापलं त्यांना.

टेकडीवरचा: आईंना साष्टांग 🙏 काका, फोटो हवा त्या एसटीचा.

डोंबिवली_फास्ट_नाही: वाचते आहे, कुकर लावलाय. नवरा पळतो, गुडघा दुखला की फ्रिजरमधलं मटाराचं पाकीट लावून बसतो. परवा तेच पाकीट मी उसळीत घातलं आणि जेवताना सांगितलं.

तळजाईकरीण: शी गं 🤣 पिशवीवर खूण करून ठेव, 'गुडघा' म्हणून.

डोंबिवली_फास्ट_नाही: केली, मार्करने. आता सासूबाई विचारतात गुडघ्याची उसळ कधी.

शिवाजीपार्कचे_काका: फ्रोझन मटाराला चव नाही. डिसेंबरात ताजे घ्या आणि करंज्या करा. आमच्याकडे सारणात खोबरं आणि थोडी खसखस.

डोंबिवली_फास्ट_नाही: खसखस भाजून का तशीच?