छापचित्रं म्हणजे झेरॉक्स नव्हेत

'प्रिंटमेकिंगच्या, म्हणजे छापचित्रांच्या दालनात नुसत्या प्रतीच तर आहेत, मूळ चित्र कुठाय?' असं कुणीतरी म्हटलं, ते मला पटलं नाही. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनात मी सगळ्यात जास्त रेंगाळते ती तिथेच. छापचित्राची एक पद्धत अशी: जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेखाटन, मग आम्लात बुडवून कोरलेली रेघ. शाई भरायची, पुसायची आणि ओलसर कागदावर प्रेसमधून दाब द्यायचा. प्रत्येक छाप हाताने काढलेला, म्हणून प्रत्येक थोडा वेगळा.

खाली पेन्सिलीने ३/१० लिहिलेलं असतं ना, म्हणजे दहांपैकी तिसरा छाप. आणि कागदावर बोट न लावता तिरकं बघा, पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो. मला तो फार आवडतो. विद्यार्थी जवळच उभे असतात, विचारा त्यांना, भरभरून सांगतात.