मदत हवी आहे: जुनं रोलेक्स थेट मालकाकडून घेताना

बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी रोलेक्स डेटजस्ट १६२३४ बघतोय. ठाण्यातले एक गृहस्थ विकताहेत. डबा आहे, पण बिल नाही आणि गॅरंटीचा कागदही नाही. या मॉडेलचा सीरियल नंबर सहाच्या बाजूला, पट्टा बसतो त्या खाचेत कोरलेला असतो. पट्टा काढल्याशिवाय दिसत नाही. पट्टा काढायला ते तयार आहेत, मागचं झाकण मात्र उघडू देत नाहीत. मग आत या मॉडेलचं मूळ रोलेक्स मशीन, म्हणजे ३१३५च आहे हे कळणार कसं? झाकण न उघडता पैसे देणं मला अजिबात पटत नाही.

दोघांसमोर घड्याळ उघडून तपासणारा विश्वासू कारागीर मुंबई-ठाण्यात कुणाला माहीत आहे का? ते आधी टोकनही मागताहेत, द्यावं का? आणि उद्या घड्याळ चोरीचं निघालं तर अडकायला नको म्हणून लिहून काय काय घ्यावं?