शब्दचर्चा: शत्रूच्या गावातलं 'विजयस्मारक' की 'समाधिस्थळ'?

बर्डीवाला: एक शब्द अडला राजेहो. बर्लिनच्या ट्रेप्टो पार्कमधल्या सोव्हिएत स्मारकावर मराठीत लिहून राहिलो. १२ मीटरचा सैनिक, एका हातावर लहान पोर, दुसऱ्या हातात तलवार, पायाखाली मोडलेलं नाझी स्वस्तिक. ८ मे १९४९ ला खुलं झालं, म्हणजे हरलेल्याच्या राजधानीत जिंकणाऱ्याने बांधलं. मी 'विजयस्मारक' लिहिलं, तर आमची एडिटर म्हणते नुसतं 'स्मारक' लिही. नुसतं कसं लिहू, आपल्या नागपुरात झिरो माइलजवळ चेंगराचेंगरीत गेलेल्या गोवारींचं स्मारक आहे तेही स्मारकच न?

संत्राबर्फी: दादा, एडिटरचं बरोबर आहे. तिथे ७,००० च्या आसपास सोव्हिएत सैनिक पुरले आहेत. जर्मन लोक त्याला 'एरेनमाल' म्हणतात, मानाचं स्मारक. जे विसरू नये, पुन्हा घडू नये म्हणून उभारतात ते 'मानमाल', इशाऱ्याचं स्मारक. आपण दोन्हीला एकच शब्द वापरून मोकळे होतो.

महालचा पोट्टा: 'जयस्तंभ' लिहा की. तयार शब्द आहे, स्टेशनकडे जाताना जयस्तंभ चौक रोज लागते.

संत्राबर्फी: काऊन बे, तिथे स्तंभ कुठे आहे, पुतळा आहे. आणि जयस्तंभ म्हटलं की लोकांना कोरेगाव भीमा आठवते, तो कंपनी सरकारने १ जानेवारी १८१८ च्या लढाईसाठी पेशव्यांच्याच मुलखात उभारला. पण आज नागपूरहून जी माणसं तिथे जातात ती कंपनीच्या जयासाठी थोडीच जातात, ती त्यावर कोरलेल्या महार शिपायांच्या नावांसाठी जातात, १९२७ ला बाबासाहेब गेले तेव्हापासून. शब्द तोच राहिला, मालक बदलला.

बर्डीवाला: हे पटलं. मग 'समाधिस्थळ' करू का? कारण पुतळा टिकला तो कबरींमुळेच असं मला वाटते. लाटव्हियाच्या रीगामधला ७९ मीटरचा सोव्हिएत विजयस्तंभ ऑगस्ट २०२२ मध्ये पाडला, त्याच्याखाली कबरी नव्हत्या. जर्मनीने मात्र सोव्हिएत युनियनसोबतच्या १९९० च्या करारात स्मारकं आणि युद्धकबरी सांभाळायचं कबूल केलं, म्हणून ट्रेप्टोच्या दगडी पेट्यांवर स्टॅलिनची वाक्यं सोन्याच्या अक्षरात आजही आहेत, एका बाजूला रशियन, दुसऱ्या बाजूला जर्मन, आणि त्यावरून भांडणं चालूच असतात. आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्यातच पाहा न, नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली, तिथल्या इंग्रज सैनिकांच्या कबरी कोणी उखडल्या का? २६ जानेवारीला किल्ला उघडला की लोक बाजूने फोटो काढत जातात.

वऱ्हाडी काकू: बेटा, 'समाधी' नको. समाधी संतांची, राजांची, त्यात आपण हात जोडतो. १९४५ मध्ये बर्लिनच्या बायांवर जे झालं त्यानंतर तिथले लोक सोव्हिएत स्मारकाला 'अज्ञात बलात्काऱ्याचं थडगं' म्हणत. त्यांच्या गावातल्या त्या जागेला आपण समाधी म्हटलं तर ते एका बाजूचं झालं. 'थडगं' म्हटलं तर दुसऱ्या बाजूचं. साधं 'दफनभूमी' लिही.

महालचा पोट्टा: काकूंना सलाम, पण दफनभूमी म्हटलं तर एवढा मोठा तलवारवाला कुठे गेला?

बर्डीवाला: तोच प्रॉब्लेम. 'सोव्हिएत युद्धस्मारक व सैनिकी दफनभूमी' टाकतो, लांब आहे पण एडिटरला चालेल. 'विजय' हेडिंगमधून काढतो, स्टॅलिनच्या पेट्यांवर वेगळा पॅरा करतो.