व्यावसायिक कुस्तीच्या प्रशिक्षणात सुरुवातीला फक्त पडायलाच शिकवतात का?

नवा_भिडू:
नमस्कार. रिंगमध्ये प्रेक्षकांसमोर, निकाल आधी ठरवून खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक कुस्तीचे प्रशिक्षण मी अलीकडेच सुरू केले आहे. कोलांट्या, पाठीवर पडणे आणि धावत जाऊन रिंगच्या दोऱ्यांवर आदळणे याखेरीज आम्हाला अजून काहीही शिकवलेले नाही. काखेखाली बरगड्यांवर काळेनिळे वळ उठले आहेत. शिवाय परवा सरावाच्या शेवटी मागे पडताना डोके आपटले आणि तेव्हापासून उजेडाकडे पाहिले की ते ठणकते. सुट्टी घेतली तर इतरांच्या मागे पडेन अशी धास्ती वाटते. हे सगळ्यांच्याच वाट्याला येते का?

काठावरचा_पंच:
वळ सगळ्यांच्याच वाट्याला येतात, डोकेदुखी मात्र अंगावर काढण्याची गोष्ट नव्हे. आपटल्यानंतर डोके दुखणे, उजेड सहन न होणे, मळमळ, गरगरणे किंवा विसरायला होणे ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे असू शकतात. तो बरा होण्याआधी दुसरा मार बसला तर जिवावरही बेतू शकते. म्हणून आजच डॉक्टरांना दाखवा, प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय रिंगमध्ये पाऊल ठेवू नका. वारंवार उलट्या होऊ लागल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा झोपेतून जागे होणे कठीण झाले, तर थेट रुग्णालय गाठा. आपण ‘सरावाच्या शेवटी’ असे लिहिले आहे, ते मला महत्त्वाचे वाटते. मान थकली की हनुवटी छातीपासून सुटते आणि डोके मागे जाते, त्यामुळे दमलेल्या माणसाकडून पाठीवर पडण्याचा सराव करून घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी_दोरी:
पडण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. रिंग बाहेरून गादीसारखी दिसते, पण आत लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बसवलेला कॅनव्हास एवढेच असते. त्यामुळे पडणाऱ्याने आघात अंगभर वाटून घ्यायचा असतो: हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडत पाठीचा वरचा रुंद भाग टेकवायचा आणि त्याच क्षणी अंगापासून थोडे दूर पसरलेले दोन्ही हात, तळवे खाली करून, कॅनव्हासवर मारायचे. मागे पडताना हात टेकण्याची ऊर्मी उपजतच असते आणि तिच्यामुळेच मनगट किंवा कोपर मोडते. ती ऊर्मी मोडायला असंख्य वेळा पडावे लागते, म्हणून सुरुवातीचा बराच काळ त्यात जातो. दोऱ्यांचेही तसेच आहे. अनेक रिंगांमधील दोरीच्या गाभ्यात पोलादी तार असते, म्हणून वळ उठणारच. पाठ पूर्ण वळवून आदळायचे आणि वरची दोरी हाताने धरायची, म्हणजे दोरी निसटली किंवा तुटली तरी माणूस बाहेर फेकला जात नाही.

जोर_बैठक:
वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. पडणे पक्के झाले की एकमेकांना भिडणे, मानेला पकड घालणे आणि मग उचलून आपटणे शिकवले जाते. तिथे आपले शरीर जोडीदाराच्या हाती आणि त्याचे आपल्या हाती असते. उचलला जाणारा स्वतः उडी घेऊन मदत करतो, तर उचलणारा त्याला पाठीवर सपाट पडेल असा सोडतो. ज्याला अजून नीट पडता येत नाही, त्याच्यावर हे डाव करण्याची परवानगी कोणताही जबाबदार प्रशिक्षक देणार नाही. पकडी बहुतेक ठिकाणी शरीराच्या डाव्या बाजूला घातल्या जातात, मेक्सिकोत मात्र उजव्या बाजूला. असा संकेत ठरलेला असल्यामुळे अनोळखी मल्लही एकमेकांशी सुरक्षितपणे खेळू शकतात. जपानमधील नवोदितांना तर रिंगमधील मूलभूत सरावाबरोबरच शेकडो बैठका माराव्या लागतात, कारण धाप लागलेल्या मल्लाच्या हातून जोडीदार निसटण्याचा धोका असतो. इतरांच्या मागे राहण्याची चिंता सोडा. विश्रांतीच्या काळात रिंगच्या कडेला बसून इतरांची पावले पाहत राहिलात, तरी पुष्कळ शिकाल.

नवा_भिडू:
सर्वांचे मनापासून आभार. प्रशिक्षकांना आत्ताच कळवले आणि त्यांनीही सराव थांबवायला सांगितले. संध्याकाळी डॉक्टरांकडे जात आहे. मानेचे व्यायाम पुन्हा कधी सुरू करावेत, हेही त्यांनाच विचारीन.