अनुभव धागा: एसयूव्हीला ट्रेलर हिच आणि बॉल माउंट, तुम्ही कसं बसवलंत?

इकडे अमेरिकेत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात आता एसयूव्ही असते आणि कधी ना कधी मागे काहीतरी लावायची वेळ येतेच, सायकल रॅक म्हणा, बागेसाठी माती आणायचा छोटा ट्रेलर म्हणा, नाहीतर गणपतीत मंडळाचं मखर हॉलवर न्यायचं म्हणा. मंडळाच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात तेच प्रश्न येतात आणि उत्तरं वाहून जातात, म्हणून सगळं एका जागी राहावं. नवीन लोकांसाठी: हिच म्हणजे गाडीखाली मागे फ्रेमला बोल्टने लावायचा लोखंडी जोड, त्याची चौकोनी नळी म्हणजे रिसीव्हर, आणि त्या नळीत घालायचा, टोकाला गोळा (बॉल) असलेला दांडा म्हणजे बॉल माउंट.

माझं आधी सांगतो. न्यू जर्सी, २०२१ ची टोयोटा हायलँडर (पेट्रोलवाली, हायब्रिड नाही), कंपनीने ५,००० पाउंड ओढायची क्षमता दिलीये. रिसीव्हर २ इंची, क्लास थ्री घेतला (क्लास म्हणजे हिचच्या ताकदीची श्रेणी). सव्वा इंचीवाले क्लास वन आणि टू स्वस्त पडतात पण चार सायकलींचे चांगले रॅक बहुतेक २ इंचीलाच मिळतात, आणि अॅडॉप्टर लावला की रॅक अजून मागे सरकतो, भार लांब जातो, ते मला नको होतं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये गाडीखाली काम करायला परवानगी नाही म्हणून दुकानातून बसवून घेतला.

गाडी कुठली, स्वतः केलं की करून घेतलं, वायरिंगचं काय, बॉल कुठला, ओढताना काय जाणवलं, सविस्तर लिहा. किमती नकोत, त्या राज्यागणिक बदलतात.

मिशिगन, जुनी होंडा पायलट

स्वतः गराजमध्ये बसवला. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे गाडीच्या पोटाखाली गंज हा ठरलेलाच. हिच जिथे बसतो तिथे फ्रेमच्या आत कारखान्यातूनच वेल्ड केलेले नट असतात आणि ते वर्षानुवर्षं उघडे राहून चिखलाने नि गंजाने भरतात. मी आदल्या रात्रीच सगळ्या भोकांत पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं, सकाळी गोल वायर ब्रशने घासलं, परत तेल, आणि मग थ्रेड चेसर हाताने फिरवला. टॅप नाही, चेसर. टॅप नवीन आटे कापतो आणि जुन्यातला धातू खातो, चेसर आहेत तेच आटे साफ करतो. इथे घाई करू नका हे अगदी कळकळीने सांगतो, कारण आतला नट वेल्डमधून सुटून जागेवर गोल फिरायला लागला की तिथे हात पोचत नाही आणि फ्रेमला भोक पाडावं लागतं. शेजाऱ्याच्या गाडीचं तसंच झालं, त्याच्याकडे मेकॅनिकने भोकं साफ न करता एअर गनने थेट बोल्ट चढवले होते.

सायलेन्सर खाली घ्यावा लागला. रबरी हँगरवर साबणाचं पाणी मारलं की सटकन निघतात, पण सायलेन्सर लोंबकळत सोडू नका, खाली ठोकळा द्या नाहीतर पुढच्या जोडावर ताण येतो. हिच चांगलाच जड असतो, पाठीवर झोपून एका हाताने वर धरून दुसऱ्या हाताने बोल्ट लावणं होत नाही, एका बाजूला माझा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला फ्लोअर जॅक असं केलं. सगळे बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवायचे, सगळे लागले की मगच टॉर्क रेंच (ठरावीक जोराने घट्ट करायचा पाना), आणि आकडा हिचसोबत आलेल्या कागदावरचाच, यूट्यूबवर दुसऱ्या मॉडेलचा बघून नाही. गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

ह्युस्टन, सीआर-व्ही

मिशिगनच्या दादांनी छान लिहिलंय, आमचा दुकानातून बसवलेला त्यामुळे पान्यांचं मला सांगता येणार नाही पण वजनाचं सांगते कारण ते कुणी सांगत नाही. हिचवर जो स्टिकर असतो त्यावरचा आकडा त्या लोखंडाचा असतो, तुमच्या गाडीचा नाही. आमच्या क्लास थ्री हिचवर हजारोंत आकडा होता आणि नवरा लगेच मोठे ट्रेलर बघायला लागला, मी मॅन्युअल काढलं तर सीआर-व्ही इथे १,५०० पाउंडच ओढू शकते (साध्या इंजिनाची, नवीन हायब्रिड तर १,०००च). गाडी, हिच, बॉल माउंट, बॉल, सगळ्यांवर वेगवेगळे आकडे असतात आणि त्यातला सगळ्यात लहान तोच आपला.

दुसरं म्हणजे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं लेबल, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरचं जे वजन बॉलवर खाली दाबतं, टंग वेट, ते साधारण ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं, म्हणजे १,५०० च्या ट्रेलरला १५० ते २२५ पाउंड, आणि हे त्याच लेबलमधून वजा होतं. म्हणजे मागे अजून एक-दोन माणसं बसल्यासारखंच. भारतातून आईबाबा किंवा सासूसासरे आलेले असतात, सगळ्या सीट भरलेल्या, डिकीत कूलर नि बॅगा, अशा वेळी ट्रेलर जोडायच्या आधी बेरीज करा.

अटलांटा

मध्येच विचारतो, डीलर म्हणतोय बाहेरचा हिच लावला तर वॉरंटी जाईल. खरं आहे का?

न्यू जर्सी, धागा काढणारा

सरसकट नाही. मॅग्नसन-मॉस कायदा आहे १९७५ चा, त्यानुसार नुसता बाहेरचा पार्ट लावला म्हणून अख्खी वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. पण क्षमतेपेक्षा जास्त ओढून गिअरबॉक्स गेला तर कोण ऐकणार. पावत्या आणि बसवतानाचे फोटो ठेवा.

सिएटल, रॅव्ह-फोर हायब्रिड

नुसता रॅक लावणार असाल तर वायरिंग सोडा, ट्रेलर असेल तर ४-पिन (ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग) लागतंच. रंग पाठ करून ठेवा: पांढरा ग्राउंड, तपकिरी टेल लाइट, पिवळा डावा इंडिकेटर नि ब्रेक, हिरवा उजवा इंडिकेटर नि ब्रेक. गंमत इथेच आहे, ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात आणि आपल्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर वेगळा पिवळा, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागतो जो दोन सिग्नल एकत्र करतो. हल्लीच्या गाड्यांत टेल लाइटच्या वायरवर ट्रेलरचा भार थेट टाकू नका, बॅटरीवरून वेगळी फ्यूजवाली लाइन घेणारा पॉवर्ड कन्व्हर्टर घ्या. माझ्या गाडीत १२ व्होल्टची बॅटरी मागेच डिकीच्या उजव्या बाजूला आहे त्यामुळे वायर पुढे इंजिनपर्यंत न्यावीच लागली नाही. आणि हायब्रिडवाल्यांनो, नारिंगी केबल दिसली की तिच्या आसपास ड्रिल नाही, स्क्रू नाही, काही नाही, ते हाय व्होल्टेज असतं.

ट्रेलरचे दिवे विचित्र वागायला लागले, म्हणजे ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो वगैरे, तर आधी ग्राउंड तपासा. रंगावर स्क्रू मारलेला असतो आणि धातूला नीट संपर्कच नसतो. रंग खरवडून परत घट्ट केला की बहुतेक वेळा काम होतं.

मेलबर्न, टोयोटा क्लुगर

आमच्याकडे सगळं थोडं वेगळं म्हणून लिहितेय. इथे टोबार म्हणतात आणि बॉल सर्रास ५० मिमीचा, अमेरिकेतला २ इंची म्हणजे ५०.८ मिमी, तर तिकडून सामान घेऊन येणाऱ्यांनी दिसतो सारखा म्हणून तोच वापरू नये. लोड झालेला ट्रेलर ७५० किलोच्या वर गेला की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. बाकी लेबल वाचा, बेरीज करा, हे ह्युस्टनच्या ताई म्हणतात तसंच.

मिनेसोटा

छोटंसं. हिवाळ्याआधी बॉल माउंट काढून घरात ठेवा, नळी आतून साफ करून थोडं ग्रीस लावा आणि तोंडावर रबरी झाकण. तसाच ठेवला तर वसंतात हातोड्याने पण निघत नाही. शिवाय पार्किंगमध्ये मागून जाणाऱ्या माणसाच्या नडगीला जो लागतो तो जोरात लागतो.

बे एरिया, होंडा पायलट, ढोल-ताशा पथक

आमच्या पथकाचे ढोल आम्ही भाड्याच्या बंद ट्रेलरमधून नेतो. ढोल मोठे पण तसे हलके, वजन असतं ते ध्वजाचे स्टँड, साउंडचं सामान आणि पाण्याच्या पेट्यांत. मुलं जे हाताला लागेल ते दारापाशी टाकतात, म्हणजे जड सामान शेवटी, म्हणजे मागे, आणि तेच सगळ्यात धोक्याचं. मागे वजन जास्त झालं की बॉलवर दाब कमी होतो आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. साधारण ६० टक्के वजन पुढच्या अर्ध्यात हवं. आम्ही आता जड पेट्यांची जागा फरशीवर टेपने आखून ठेवतो, आणि निघायच्या आधी कपलरखाली (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) बाथरूमचा वजनकाटा ठेवून टंग वेट बघतो, हलक्या ट्रेलरला तेवढं पुरतं, फक्त काट्याखाली ठोकळे देऊन कपलर बॉलच्या उंचीला आणायचा. झुलायला लागलाच तर जोरात ब्रेक नाही, झटकन स्टिअरिंग नाही, अॅक्सिलरेटर सोडा, गाडी सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असताना ताशी ५५ मैलांच्या वर जायचंच नाही, कायदाच आहे.

बॉलचं: कपलरवर माप कोरलेलं असतं, १ ७/८, २ किंवा २ ५/१६ इंच. २ इंची कपलर १ ७/८ च्या बॉलवर बसतो, लॅचसुद्धा लागतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उचलला जाऊन निघू शकतो. हे प्रत्येक ड्रायव्हरला दाखवा, नुसतं सांगू नका. बॉल माउंटचा ड्रॉप (बॉल रिसीव्हरपेक्षा किती खाली हवा; वर हवा असेल तर राइज) काढायला सपाट जागी रिसीव्हरच्या आतल्या वरच्या कडेची उंची मोजा, ट्रेलर सपाट असताना कपलरच्या खालच्या कडेची मोजा, फरक तेवढा ड्रॉप किंवा राइज. ट्रेलरचं नाक वर राहिलं की परत तेच, वजन मागे. सुरक्षेच्या साखळ्या कपलरखाली एकमेकींवरून फुलीसारख्या लावा, कपलर निसटला तर तो जमिनीवर न आपटता साखळ्यांवर पडतो. आणि सुरुवातीच्या काही मैलांनंतर थांबून बॉलचा नट, पिन, क्लिप, प्लग सगळं हाताने हलवून बघायचं, आमच्याकडे हे काम ताशावाल्यांकडे आहे आणि ते झाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

न्यू जर्सी, धागा काढणारा

खूप छान लिहिताय सगळे. ७-पिन (ट्रेलरच्या ब्रेकचीही वायर असलेला प्लग) आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र) लावलेल्यांचे अनुभव अजून आले नाहीत, बऱ्याच राज्यांत ३,००० पाउंडाच्या वर ट्रेलरला ब्रेक लागतातच, तर टेल्युराइड, पॅलिसेड किंवा पायलटवाल्या कोणी कंट्रोलर कुठे नि कसा बसवला ते प्लीज लिहा. डॅशखालची वायर कुठून घेतली तेही.